आर्टोपॉयोस, दुबई

पेण
५ जानेवारी २०२५

चि. संग्राम,

आशीर्वाद पोचले असं समज. आज मला वाद घालायचा आहे, आणि आशीर्वाद देऊन लगेच वाद घालणं बरं दिसत नाही.

तुमच्या दुबईत व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल चालत नाही. तू जे दुसरं अ‍ॅप टाकून दिलंस त्यात मला माझाच चेहरा दिसतो, आणि तो बघायची मला हौस नाही. तेव्हा ज्येष्ठ नागरिकांच्या वर्गात शिकलेलं मराठी टायपिंग यापुढे तुझ्यावरच चालवणार. ई-मेलला उत्तर ई-मेलनेच दे. अंगठे पाठवू नकोस.

मुद्दा असा की तू एकतीस पूर्ण केलीस आणि मी तुझा बायोडाटा करायला घेतला. वहिनी आणि दादा असते तर त्यांनी केला असता. दहावीपासून तू माझ्या पदरात, म्हणून मी करते. उंची झाली, रास झाली, शिक्षण बी.ई. मेकॅनिकल झालं. 'व्यवसाय' या रकान्यापाशी मात्र गाडी अडली. तहसील कचेरीत चौतीस वर्षं काढली, रकाना मोकळा सोडलेला अर्ज मी कधी पुढे सरकवला नाही. तू जबल अलीच्या कंपनीत होतास तेव्हा किती सोपं होतं, 'सीनियर इंजिनियर, लॉजिस्टिक्स'. वाचणाऱ्याला कळायचं नाही, पण मान हलायची. ती नोकरी सोडून तू दोन वर्षांपूर्वी त्या हलिमाबाईंच्या बेकरीत शिरलास. का शिरलास ते मी आता विचारत नाही, विचारून विचारून घसा बसला. पण रकान्यात लिहू काय ते तरी सांग.

आत्या

•

अल बर्शा, दुबई
७ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. वाद घालायचा नाही म्हणून सोपं उत्तर देतो: 'बेकर' लिही. माझ्या व्हिसावर इथल्या सरकारने तेच लिहिलंय आणि सरकारचा चेहरा जराही पडला नाही.

आत्या, कंपनीत मी दिवसभर कंटेनर कुठे आहेत ते स्क्रीनवर बघायचो. एकही कंटेनर मी कधी उघडून पाहिला नाही. इथे सकाळी पीठ भिजवतो आणि दुपारी लोक ते खाताना बघतो. मला हे काम आवडतं. हे मी तुला चौदाव्यांदा सांगतोय.

एक गंमत सांगतो. हलिमाबाईंनी दुकानाच्या भिंतीवर 'बेकर'ला वेगवेगळ्या भाषांत काय म्हणतात ते रंगवून घेतलंय. अरबीत खब्बाज. मराठी शब्द मी द्यायचा होता, पण मला 'पाववाला'शिवाय काही सुचेना, म्हणून ती जागा रिकामीच आहे. सगळ्यात भारदस्त आहे तो प्राचीन ग्रीकांचा शब्द: आर्टोपॉयोस. आर्टोस म्हणजे पाव आणि पॉयोस म्हणजे करणारा. अर्थ पाववालाच, पण ऐकायला कसा वाटतो बघ! तुला 'बेकर' लिहायला एवढं जड जात असेल तर तो लिही.

तुझा,
संग्राम

•

पेण
२२ जानेवारी २०२५

चि. संग्राम,

लिहिला.

तू थट्टेत म्हणालास ते मला कळलं. पण मी तीन वेळा मोठ्याने म्हणून पाहिला आणि प्रत्येक वेळी आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. 'व्यवसाय: आर्टोपॉयोस, दुबई.' यात खोटं एक अक्षर नाही. कोणी कोर्टात खेचलं तरी मी ग्रीक माणूस उभा करीन.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात चौदा बायांच्या हातात प्रत दिली. एकीनेही अर्थ विचारला नाही. राजे वहिनी म्हणाल्या, "हल्ली या क्षेत्राला फार मागणी आहे." कुळकर्णी बाई म्हणाल्या, त्यांच्या भाच्याचंही तेच करायचं चाललं होतं, पण दोन मार्कांनी हुकलं! मी तिळगूळ तोंडात टाकला.

आठ दिवसांत नऊ स्थळं आली. त्यातलं एक तुमच्या तिकडचंच आहे. अबुधाबीचे वासुदेव गुप्ते, तेल कंपनीत एकतीस वर्षं मोठ्या हुद्द्यावर, मूळचे रोह्याचे. मुलगी पर्णिका, बँकेत आहे. वाढली तिकडेच, पण मराठी लिहिते. आता बघ, तुम्ही दोघं एकमेकांपासून दीड तासाच्या रस्त्यावर, आणि ओळख करून द्यायला पेणहून मी पाहिजे. २६ तारखेला रविवारी त्यांच्याकडे जा. स्वच्छ दाढी कर. आणि उगाच स्वतःहून शहाणपणा पाजळू नकोस. विचारलं तर सांग, नाही विचारलं तर चहा पी.

आत्या

•

अल बर्शा
२७ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

गेलो. चहा प्यालो. पाच कप.

खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. पुरावा म्हणून सकाळी केलेला मोठा पावही घेऊन गेलो. पण गुप्तेकाकांनी मला बोलूच दिलं नाही. बसल्या बसल्या म्हणाले, "अरे, आमच्या ऑफशोअर साइटला दोन आर्टोपॉयोस होते ना! एक फिलिपिनो, एक केरळचा. टॉप लोक." आत्या, मला वाटतं ते खरंच असतील. समुद्रातल्या माणसांनाही पाव लागतोच.

मग मुलाखत सुरू झाली. माझी सगळी उत्तरं शंभर टक्के खरी होती.

"तुमच्या लाइनला प्रेशर फार असेल?"

"प्रेशरपेक्षा टेम्परेचर, काका. अडीचशे डिग्रीपर्यंत जातं."

"बापरे! अनुपमा, ऐकलंस? आणि हे एआय वगैरे आलंय, त्याचा धोका?"

"अजून तरी नाही. शेवटी हाताने दाबूनच बघावं लागतं."

"करेक्ट! ह्यूमन टच! रॉ मटेरियल लोकल की इम्पोर्टेड?"

"इटलीहून येतं."

"क्वालिटी," असं म्हणून त्यांनी सोफ्याच्या हातावर थाप मारली.

शेवटी मी पाव पुढे केला आणि म्हटलं, "काका, हा मी केलाय. हेच माझं काम." त्यावर ते बायकोकडे वळून म्हणाले, "बघ, एवढ्या बिझी माणसाला कुकिंगची हौस आहे! आणि किती मॉडेस्ट!" अनुपमाकाकूंनी पाव कापला. काकांनी चार तुकडे खाल्ले.

पर्णिकाने एकही खाल्ला नाही. ताटली समोर आली तशी तिने ती दोन बोटांनी पुढे सरकवली. मग निघताना लिफ्टपाशी तिने विचारलं, "तुम्हाला हे काम करायला आवडतं?" मी म्हटलं, "खूप." ती हसली. आजवर 'पगार किती' हे सगळ्यांनी विचारलं, 'आवडतं का' हे तिनेच पहिल्यांदा. आत्या, मला ती आवडली. आणि तो न खाल्लेला तुकडा घशात अडकलाय.

संग्राम

•

अबुधाबी
२९ जानेवारी २०२५

संग्राम यांस,

तुमचा ई-मेल पत्ता बायोडाटावर होता. मराठी आईने शिकवलंय, चुका दिसल्या तर सोडून द्या.

मला अर्थ माहीत आहे. बाबांनी बायोडाटा हातात दिला त्या संध्याकाळीच मी शोधला, दोन मिनिटं लागली. बाबांना सांगणार होते, पण तोवर त्यांनी तीन मित्रांना फोन करून झाले होते. बाबांचा स्वभाव असा की एखादी गोष्ट माहीत नाही हे ते मान्य करूच शकत नाहीत. एकदा एका जपानी पाहुण्याशी ते वीस मिनिटं जपानी बागेबद्दल बोलले. आमच्याकडे कुंडीसुद्धा नाही.

तुम्ही बेकर आहात याने मला काहीच फरक पडत नाही. उलट पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या कामाबद्दल बोलताना डोळ्यांनी बोललं. पण बाबा असे फसलेले राहिले आणि त्यावर लग्न उभं राहिलं, तर ते मला चालणार नाही. हे त्यांना मी सांगणं बरोबर नाही, तुम्हीच सांगा. नीट, त्यांना कळेल असं.

पाव सुंदर होता असं आई म्हणते.

पर्णिका

•

अल बर्शा
३० जानेवारी २०२५

पर्णिका,

सांगतो. या वेळी ते सोफ्यावर थाप मारायच्या आत सांगतो.

आई म्हणते तो सुंदर होता. तुम्ही काय म्हणता ते तुम्ही लिहिलं नाहीत. असो.

संग्राम

•

पेण
१२ फेब्रुवारी २०२५

चि. संग्राम,

तू गुप्ते साहेबांना दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा त्यांनीच बोलून ठेवून दिला, हे तुझ्या मेलवरून कळलं. आता मी काय सांगते ते बसून वाच.

गुप्ते साहेबांचा फोन होता. त्यांच्या मराठी मंडळात मराठी भाषा दिन चार दिवस आधीच, २३ तारखेच्या रविवारी साजरा होतोय. त्यात त्यांनी तुझं व्याख्यान ठेवलंय. विषय, 'आर्टोपॉयोस: उद्याचं करिअर'. पोस्टर छापून झालं, त्यावर तुझा टाय घातलेला फोटो आहे. तो मीच पाठवला होता, तेव्हा मला कुठे ठाऊक! भाषा मराठी, शब्द ग्रीक आणि वक्ता पाववाला.

हे बघ, तोंड उघडू नकोस. आजारी पड. ताप आला म्हण. मेच्या पहिल्या आठवड्यात साखरपुडा उरकू, मग घरातल्या घरात हळूच सांगू. एकदा अंगठी बोटात गेली की माणसं समजून घेतात. चार लोकांत त्या माणसाची शोभा केलीस तर मुलगी हातची जाईल, आणि माझं नाव पेणपासून रोह्यापर्यंत होईल.

एवढं एक माझं ऐक.

आत्या

•

अल बर्शा
२४ फेब्रुवारी २०२५

आत्या,

ऐकलं नाही.

हॉलमध्ये ऐंशी माणसं होती. मंडळाच्या अध्यक्षांनी ओळख करून देताना सांगितलं, "हे क्षेत्र आपल्या सर्वांना परिचित आहेच." सगळ्यांनी माना हलवल्या. गुप्तेकाका पहिल्या रांगेत, झब्बा घालून. आधी त्यांना बाजूला घेऊन सांगायला मी अर्धा तास लवकर गेलो होतो, पण ते मला हाताला धरून एकेकाला भेटवत फिरले. "माझे होणारे" एवढंच म्हणून पुढचा शब्द ते हसून गिळत होते. तो शब्द ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं, म्हणून माझीही जीभ रेटेना. चूक माझीच.

मग मंचावर गेलो. पिशवीतून भिजवलेलं पीठ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "आर्टोस म्हणजे पाव. पॉयोस म्हणजे करणारा. मी अल बर्शामध्ये एका बेकरीत बेकर आहे. मोठा शब्द माझा नाही, तो ग्रीकांचा. माझा आहे तो पाव."

मग शेवटच्या रांगेतून एकजण म्हणाला, "आम्हाला माहीत होतं." लगेच दुसरा म्हणाला, "मी तर पोस्टर बघूनच हिला म्हटलं होतं." दोन मिनिटांत अख्ख्या हॉलला पहिल्यापासून माहीत होतं. एक छोटी मुलगी पुढे येऊन म्हणाली, "अंकल, कॅन आय पंच इट?" मग सगळी पोरं पीठ बुकलायला धावली. पुढचा तासभर मी लोकांना पीठ कसं फुगतं ते दाखवत होतो आणि कुणालाच घरी जायचं नव्हतं. बरोबर नेलेले बारा पाव संपले.

'मला माहीत होतं' असं त्या हॉलमध्ये एकच माणूस म्हणाला नाही. काकांनी झब्ब्याच्या खिशातून गाडीची किल्ली काढली आणि ते निघून गेले. अनुपमाकाकू त्यांच्या मागे. पर्णिका दारापर्यंत जाऊन थांबली, माझ्याकडे बघितलं. तिच्यासमोर पावाचं ताट होतं. तिने हात मागे घेतला आणि गेली.

म्हणजे शब्द तिला चालतो, पाव चालत नाही. तिनेच मला खरं बोलायला लावलं, आणि खरं समोर आल्यावर हात मागे. मला फार वाईट वाटलं, आत्या. ती माझी होईल असं मी मनात धरून बसलो होतो.

१ तारखेपासून रमझान आहे, इफ्तारच्या ऑर्डरी आहेत. काम भरपूर आहे ते बरंच आहे.

संग्राम

•

पेण
१२ मार्च २०२५

श्री. वासुदेवराव गुप्ते यांस,

संध्या दिघे हिचा नमस्कार.

सतरा दिवस आपला फोन नाही, आणि मी केलेला आपण उचलत नाही. आपल्या जागी मीही उचलला नसता. म्हणून लिहिते.

तो शब्द मी लिहिला. संग्रामने 'बेकर' लिही म्हणून सांगितलं होतं, ते पत्र माझ्याकडे आहे. मी गेले दोन महिने स्वतःला सांगत होते की यात खोटं एक अक्षर नाही. कचेरीत अशा चलाखीचे कागद मी पुष्कळ पाहिले आणि पुष्कळांना परत पाठवलं. या वेळी मीच तसा कागद केला.

खरं असं की मला लाज वाटली. आईबापावेगळं पोर मी इंजिनियर केलं, ते माझ्या कष्टाचं बक्षीस होतं, आणि ते उठून पाव भाजायला लागलं. गल्लीत विचारलं तर सांगायचं काय, या एका भीतीपायी मी आपल्यासारख्या सज्जन माणसाला चारचौघांत तोंडघशी पाडलं. ही लाज माझी आहे, मुलाची नाही. त्याने एकदाही आपलं काम लपवलं नाही.

आपण नाही म्हणालात तर तो आपला हक्क आहे. पण नाही म्हणायचं तर माझ्यासाठी म्हणा, त्याच्या पावासाठी म्हणू नका.

आपली,
संध्या दिघे

•

अबुधाबी
१७ मार्च २०२५

सौ. संध्याताई यांस,

नमस्कार. आपलं पत्र तीनदा वाचलं. अशी माफी मला आयुष्यात कुणी मागितली नाही, आणि मीही कुणाची मागितली नाही. आज मागतो.

मला राग आला होता हे खरं आहे. पण राग पावाचा नव्हता. न कळलेल्या शब्दाला मी महिनाभर मान डोलावत होतो, तो माझ्यावरचाच राग होता. 'याचा अर्थ काय हो?' एवढं मला विचारता आलं असतं. ऑफिसातले लोक आता मला लिफ्टमध्ये 'कसं काय, आर्टोपॉयोस?' असं विचारतात. तेही मी सोसेन.

पण मी गप्प आहे त्याचं कारण वेगळं आहे, ताई. आपण एक रकाना फिरवलात, मीही एक फिरवला. पर्णिकाच्या बायोडाटात 'आरोग्य: उत्तम' असं मी लिहिलंय. तिला गहू चालत नाही. आवडत नाही असं नव्हे, सीलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. चिमूटभर पीठ पोटात गेलं तरी आठवडाभर अंथरुणाला खिळते. पोळी नाही, पाव नाही, शिरा नाही. ती एरवी ठणठणीत आहे, पण यापूर्वी तीन ठिकाणी खरं सांगितलं आणि तिन्ही ठिकाणांहून पुन्हा फोन आला नाही. म्हणून या वेळी मी लपवलं.

आणि लपवून गाठ कुणाशी घातली, तर दिवसभर गव्हाच्या पिठात उभ्या असलेल्या माणसाशी! त्याच्या केसांत पीठ, कपड्यांत पीठ, हातांवर पीठ. संग्राम चांगला मुलगा आहे. त्या दिवशी हॉलमध्ये पोरांना तो पीठ मळायला शिकवत होता ते मी दाराच्या काचेतून पाहिलं. पण मी बाप आहे. मला भीती वाटते.

पर्णिका याबद्दल बोलत नाही. तिच्या आईला एकदाच म्हणाली, "त्याचं त्या पावावर किती प्रेम आहे! तुझा पाव मला विष आहे, हे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू?"

आपला,
वासुदेव गुप्ते

•

अल बर्शा
२० मार्च २०२५

पर्णिका,

आत्याने तुझ्या बाबांचं पत्र मला पाठवलं. त्यांना विचारून पाठवलं, हे आधी सांगतो. आता कुणी काही लपवायचं नाही.

दोनदा तू पाव घेतला नाहीस आणि दोन्ही वेळा मला वाटलं, तुला माझ्या कामाची किळस येते. मी किती मूर्ख आहे. महिनाभर रुसून बसलो होतो, तेही तुला न सांगता.

मी बेकरी सोडणार नाही. हे आत्ताच सांगितलेलं बरं. 'तुझ्यासाठी सोडतो' असं म्हणायला छान वाटेल, पण दोन वर्षांनी मी तुझ्याकडे बघून उसासे टाकायला लागेन, आणि ते गव्हापेक्षा वाईट.

पण बाकी सगळं करता येतं. डॉक्टरांना भेटून आलो. कामावरून निघताना तिथेच अंघोळ करायची, कपडे आणि बूट तिथेच ठेवायचे. घरात गव्हाचा कणही आणायचा नाही. मला घरी पाव खायची गरज नाही, दिवसभर चाखून पोट भरतं. हलिमाबाईंनी विचारलं, "इतना साबुन किसलिए, हबीबी?" सांगितलं तर म्हणाल्या, "पीछे का कमरा ले लो. उधर आटा नहीं जाएगा. खलास." दोन दिवसांत तिथे शॉवर बसला.

मला तू हवी आहेस. एवढ्याने तुझ्या बाबांची भीती जाईल का ते मला माहीत नाही. तूच सांग.

संग्राम

•

पेण
२ एप्रिल २०२५

चि. संग्राम,

तिचं उत्तर आलं, 'ईदनंतर १३ तारखेला घरी ये, बाबांसमोर बोलू', म्हणून तू हवेत आहेस. जरा खाली ये.

तिला खाता येईल असं काहीतरी स्वतः करून न्यायचं, ही कल्पना चांगली. पण तांदळाची भाकरी म्हणजे तुझा पाव नव्हे. तू लिहितोस, 'पीठ वजन करून घेतलं, पाण्याचं तापमान मोजलं, तरी थापताना तुकडे पडतात.' पडणारच! भाकरीला कोण थर्मामीटर लावतं? तांदळाच्या पिठाला तुझ्या गव्हासारखा चिकटपणा नसतो. आधी उकड काढ. पाणी खळखळलं की पीठ टाक, झाकण ठेव, मग गरम असतानाच मळ. हात भाजले पाहिजेत. हात भाजले नाहीत तर मळणं झालं नाही. मग पाण्याचा हात लावून थाप, आणि घाबरू नकोस.

तवा नवा घे, परात नवी घे. पीठ तिच्या आईला विचारून, ती वापरते तेच आण.

अडीचशे डिग्रीच्या भट्टीसमोर उभा राहणारा माझा भाचा एका भाकरीपुढे हात टेकतो, हे वाचून हसू आलं आणि मग, काय सांगू, रडूही आलं. दादाला तांदळाची भाकरी फार आवडायची. तू ती कुणासाठी तरी थापतोयस. मला तुझा अभिमान वाटतो, संग्राम. हे मी दोन वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं.

आत्या

•

अबुधाबी
१४ एप्रिल २०२५

ती. संध्याआत्या,

संग्राम म्हणाला, आत्याला तूच लिही, मी लिहिलं तर तिला खरं वाटणार नाही.

काल तो आला. अंगावर नवे कपडे, लेबल काढायचं राहिलेले. केस इतके धुतले होते की उभेच राहिले होते. हातात नवी परात, नवा तवा. बाबांनी दार उघडलं तर आत येण्याआधी त्याने दोन्ही हात पुढे केले, शाळेत नखं तपासायला करतात तसे. बाबा चष्मा लावून खरोखरच तपासत बसले.

मग तो स्वयंपाकघरात गेला आणि आम्ही तिघं बाहेर बसलो. पहिल्या दोन भाकऱ्या मोडल्या. आई उठायला लागली तर बाबांनी तिला बसवलं. तिसरी एका बाजूने फाटली. चौथी फुगली, आत्या. आतून "फुगली!" असा इतका मोठा आवाज आला की शेजारच्या फ्लॅटमधल्या इजिप्शियन काकूंनी भिंतीवर ठोकलं.

त्याने माझ्यासमोर ताट ठेवलं आणि उभा राहिला. बसेचना. मी खाल्ली, फुगलेली आणि मोडलेल्याही. त्याच्या हातचं मी पहिल्यांदाच खात होते. जिभेला थोडी कच्ची लागली, पण मला रडू आलं, आणि तो घाबरून विचारायला लागला, "त्रास होतोय का? डॉक्टर?" मी मानेनेच नाही म्हटलं आणि त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. मी हो म्हटलं, आत्या. तोंडात घास असताना म्हटलं, पण त्याला कळलं.

बाबांनीही भाकरी घेतली. दोन घास खाऊन झाल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मला एक विचारायचंय." आई आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो, कारण हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं. म्हणाले, "हाही तो आर्टोसच का?"

संग्राम म्हणाला, "नाही काका. आर्टोस फक्त गव्हाचा. सातूच्या भाकरीलासुद्धा ग्रीकांकडे वेगळा शब्द होता. तांदळाच्या भाकरीला तर शब्दच नाही. त्यामुळे या घरात मी आर्टोपॉयोस नाही. हे करणाऱ्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही."

बाबांनी ताटातला शेवटचा तुकडा उचलला.

"जावई," म्हणाले.

तुमची,
पर्णिका